सोफावाल्याचा होकार

सोफावाल्याने त्या रविवारी चर्चमध्ये जो होकार दिला, तो देवाला दिलाच नव्हता. सासूबाईंना दिला होता.

त्याचं असं झालं. उपासना संपत आली होती. सोफावाला नेहमीच्या जागी, शेवटून दुसऱ्या बाकावर बसला होता. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासूबाई. पाळकसाहेब समोर उभे राहून शेवटची सूचना सांगत होते.

"बँडमास्तरांना तुम्ही सगळे ओळखता. निम्म्या गावाच्या लग्नात त्यांचंच ट्रम्पेट वाजलंय. ते जिन्यावरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. उद्या त्यांना हॉस्पिटलमधून सोडतायत आणि त्यांची खोली आहे तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, मागेपुढे कुणी नाही. चालायला लागेपर्यंत तळमजल्यावर कुणीतरी आसरा द्यायला हवा. ते आपल्या मंडळीत कधी आले नाहीत, मला ठाऊक आहे. तरी विचारतो. कोण नेईल त्यांना घरी?"

कुणाला अचानक बुटाची नाडी सुटल्याचं दिसलं, कुणी गीतांच्या पुस्तकात पान शोधू लागलं. आणि नेमकी तेव्हाच सासूबाईंना घराची आठवण झाली. त्या जावयाच्या कानाशी कुजबुजल्या, "जावईबापू, मागच्या दाराला कडी घातलीत ना?"

"हो," सोफावाला हळूच म्हणाला.

सासूबाईंना कमी ऐकू येई. त्यांनी कानामागे हात धरला.

"हो!" सोफावाला म्हणाला. या वेळी ते पार वेदीपर्यंत ऐकू गेलं.

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. "देव तुमचं भलं करो, भाऊ!"

सगळ्या माना मागे वळल्या. औषधाच्या दुकानवाल्या बाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला. सुटल्याचा आनंद होता तो. सोफावाला खुलासा करायला अर्धवट उठला, पण बायकोने त्याचा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते. "मला एका शब्दाने विचारलं नाहीत," ती पुटपुटली, "पण किती चांगलं केलंत हो." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती आपल्याकडे असं बघतेय हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. असं बघणाऱ्या बाईला कडीची गोष्ट कोण सांगणार? तो मुकाट खाली बसला.

सोफावाल्याचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे संसार. मागे जायला दोन पायऱ्या चढाव्या लागत, म्हणून बँडमास्तरांची सोय दुकानातच केली. दुरुस्तीला आलेले सोफे एकावर एक चढवले, मध्ये जुन्या कापडाचा पडदा टांगला आणि पलीकडे खाट टाकली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ठेंगण्या आसनावर अजिबात बसायचं नाही. म्हणून सोफावाल्याने एका आरामखुर्चीच्या पायांना ठोकळे जोडून ती उंच केली, मऊ फोम उपसून कडक भरला, आणि स्वतः दहादा उठबस करून पाहिली.

बँडमास्तर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ही खुर्ची बसायला केलीय की उठवायला?"

म्हातारा उंच, काटकुळा, मिशा पांढऱ्याशुभ्र. पडदा असला तरी कान शाबूत होते. सोफावाला सोफ्याच्या तळाच्या पट्ट्या ताणून बारीक खिळे ठोकू लागला की पलीकडून आवाज येई, "एक-दोन-तीन... अहो, चौथ्या ठोक्याला दम लागतो का तुम्हाला?" सोफावाला दात-ओठ खाऊन पुढचा खिळा ठोके. गंमत अशी की दोन दिवसांत त्याचे ठोके लयीत पडू लागले. म्हाताऱ्याला ते कळू नये म्हणून तो मुद्दाम अधूनमधून थांबे.

पहिल्या रात्री जेवायला सगळे पडद्याअलीकडे बसले. बायकोने प्रार्थनेसाठी डोळे मिटले, तशी म्हातारबुवांनी चमचा वाजवला.

"मला यातून वगळा. देवाचं आणि माझं वाजलंय."

"कधीपासून?" बायकोने डोळे न उघडताच विचारलं.

"आमची ही गेली तेव्हापासून. मी जन्मभर लोकांच्या आनंदात फुंकर मारली. माझ्या वेळेला त्याने साधा एक सूर काढला नाही."

सासूबाईंनी लेकीला ढोसलं. "काय म्हणतायत?"

सोफावाल्याने जोरात सांगितलं, "म्हणतायत, सूपमध्ये मीठ कमी आहे!"

"मग सांगायचं ना तसं," म्हणत सासूबाईंनी मीठदाणी म्हाताऱ्यापुढे सरकवली. म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. हसले असावेत. बायकोने प्रार्थना केली, आणि त्यांनी ती संपेपर्यंत चमचा उचलला नाही.

खरी पंचाईत आंघोळीची होती. जेवण, औषधं, अंथरूण हे सगळं बायकोने हौसेने अंगावर घेतलं, पण आंघोळीचं नाव काढताच बँडमास्तर कडाडले, "बाईमाणसाच्या हातून आंघोळ? त्यापेक्षा मी असाच आंबेन!"

म्हणजे ते काम सोफावाल्याकडे आलं. तो दुकानालगतच्या न्हाणीच्या दारात बादली घेऊन उभा राहिला. जन्मभर त्याने परक्यांचे सोफे उसवले होते. फटींतून कंगवे, बटणं, चॉकलेटचे कागद काढले होते. पण परक्या माणसाच्या अंगाला असा हात कधी लावला नव्हता. त्याचे वडील दूरगावी वारले, त्यांचीही सेवा त्याच्या वाट्याला आली नव्हती. म्हातारा उंच स्टुलावर पाठ वळवून बसला होता आणि भिंतीकडे बघत होता. त्याच्या पाठीची हाडं मोजता आली असती.

"प्रभू, साबण यांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नकोस," सोफावाला मनात म्हणाला. आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याची प्रार्थना एरवी रात्री निजताना, ठरलेल्या शब्दांत, जांभईच्या सोबतीने होई. बादलीपाशी उभं राहून, हातात पंचा घेऊन तो देवाशी पहिल्यांदाच बोलत होता.

पाठ झाली, हात झाले. पाय धुवायला त्याला ओल्या फरशीवर बसावं लागलं. म्हाताऱ्याची नखं वाढून वेडीवाकडी झाली होती. वाकता येत नव्हतं, मग कापणार कोण?

"तुम्हाला याची हौस आहे का?" भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग कशाला करता?"

चर्चमध्ये असतात तसली चांगली वाक्यं सोफावाल्याला पाठ होती, पण इथे ती जिभेवर येईनात. "पाणी गार होतंय," तो म्हणाला, "दुसरा पाय द्या."

म्हाताऱ्याने दिला.

तेवढ्याने सोफावाला काही संत झाला नाही. दुकानात वळायला जागा नव्हती. गिऱ्हाइकं ओरडत होती. कंबर धरली होती. पट्ट्या ताणता ताणता तो मनातल्या मनात देवाशी हुज्जत घाली: तू जे ऐकलंस ते मी तुला म्हणालोच नव्हतो, शब्दात का धरतोस? देव काही बोलत नसे. पलीकडून बँडमास्तर मात्र बोलत. "आज ताल बरा आहे हं."

मग एक दिवस दुपारी पाळकसाहेब भेटायला आले. बँडमास्तर पडद्याआड पडले होते. बायको आत चहा टाकायला गेली. सासूबाई पाहुण्यांपाशी बसल्या होत्या.

"तुमच्या जावयांचं सगळी मंडळी कौतुक करतेय," पाळकसाहेब त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले. "कुणाचा धीर झाला नाही, पण हे एका हाकेला हो म्हणाले."

"म्हणणारच!" सासूबाई म्हणाल्या. "दोनदा विचारलं मी. कडी घातली का म्हणून. दुसऱ्यांदा ओरडले, तेव्हा कुठे मला ऐकू आलं."

सोफावाल्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली. पाळकसाहेबांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. सोफावाल्याचे कान लालबुंद झाले. पाळकसाहेबांच्या लक्षात आलं, आणि ते असे हसत सुटले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. पण चष्मा पुन्हा चढवल्यावर त्यांचा आवाज बदलला होता.

"भाऊ, हे मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला भरीस घातलं, तेही न विचारता. ऐका. नदीपलीकडे सिस्टर लोकांचं शुश्रूषागृह आहे, तिथे कालच एक खाट रिकामी झालीय. उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो. तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. मी स्वतः सांगेन."

सोफावाल्याला एकदम हलकं वाटलं. जागा मोकळी. दिवस मोकळे. हीच तर सुटका तो मागत होता! त्याने पडद्याकडे पाहिलं. पलीकडे मघापासून चाललेलं गुणगुणणं थांबलं होतं. खाट करकरत नव्हती. म्हातारा श्वाससुद्धा घेत नसावा.

"उद्या त्यांचा आंघोळीचा वार आहे," सोफावाला म्हणाला.

"तिथे घालतील ना आंघोळ."

"घालतील. पण त्यांना पाणी आधी हातावर लागतं, एकदम पाठीवर ओतलं की दचकतात. आणि भिंतीकडे तोंड करून बसू द्यावं लागतं. ते बोलून दाखवत नाहीत." तो थांबला. आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच बोलता बोलता कळत होतं. "पाळकसाहेब, त्या दिवशी मी चुकून म्हणालो. खरंच चुकून. तुम्ही विचारलंत ते माझ्या कानावर आलं होतं, आणि मी बुटाच्या नाडीकडे बघायच्या बेतात होतो. पण आज तुम्ही माझ्या घरात येऊन, मला एकट्याला विचारताय. तर आज सांगतो. ते इथेच राहतील."

"विचार करा. घाई नाही."

"झाला विचार करून."

पडद्यामागे कुणीतरी नाक शिंकरलं. तो आवाज एवढा दणदणीत होता की पाळकसाहेब दचकले. सासूबाईंनाही ऐकू आला. "देव बरं करो," त्या म्हणाल्या.

बायको ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी कडीला हो म्हणालात?"

"हो."

"आणि मी चार घरी सांगत सुटले, आमच्या ह्यांचं मन केवढं मोठं म्हणून!"

सोफावाल्याने मान खाली घातली. ट्रेमधले कप किणकिणू लागले म्हणून त्याने वर पाहिलं, तर ती हसत होती. इतकी हसत होती की चहा बशीत सांडला. तिने ट्रे ठेवला, त्यातला सगळ्यात मोठा कप पाहुण्यांना डावलून नवऱ्याच्या हातात दिला आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला.

त्यानंतर दुकानात एक वेगळाच सूर लागला. बँडमास्तर वॉकर धरून सोफ्यांच्या चळतींमधून फेऱ्या मारू लागले. कापड कुठलं छान दिसेल यावर गिऱ्हाइकांना न मागता सल्ला देऊ लागले, आणि लोकांना तो पटूही लागला. जेवणाआधीच्या प्रार्थनेला ते अजून डोळे मिटत नसत, पण "आमेन" जरा लवकर झालं तर म्हणत, "आज उरकलंत."

एका शनिवारी नखं कापून झाल्यावर ते म्हणाले, "उद्या मला तुमच्या चर्चमध्ये न्या."

"तुमचं तर देवाशी वाजलंय ना?"

"भांडायचं म्हटलं तरी समोर जावं लागतं. घरी बसून किती दिवस कुढू?"

रविवारी चौघं निघाली. एरवी पाच मिनिटांची वाट वॉकरच्या चालीने बरीच लांबली, पण ऊन कोवळं होतं आणि कुणाला घाई नव्हती. चर्चमध्ये लोकांनी बाकाच्या टोकाची जागा करून दिली. औषधाच्या दुकानवाल्या बाई स्वतःहून उठल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात यांची आंघोळ... म्हणजे, यांचं जेवण आमच्याकडून येईल."

मग गीत सुरू झालं. ते आनंदाचं गीत होतं. पण ही मंडळी कुठलंही गीत ओल्या घोंगडीसारखं ओढत न्यायची. पियानोवाल्या बाई वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी थांबत आल्या होत्या, आणि मंडळी बाईंसाठी. पहिलं कडवं बँडमास्तरांनी सोसलं. दुसऱ्याला त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. तिसऱ्याला त्यांनी वॉकर उचलला आणि लाकडी जमिनीवर आपटला. ठक. ठक. ठक. ठक.

पियानोवाल्या बाईंनी रागाने मागे वळून पाहिलं. बँडमास्तरांनी त्यांना नम्रपणे मान लववली आणि ठोका सोडला नाही. बाई पुन्हा पियानोकडे वळल्या. क्षणभर वाटलं, त्या झाकण आपटून उठून जाणार. पण त्यांची पाठ ताठ झाली आणि बोटं सुटली. इतक्या वर्षांत त्या बोटांत एवढी धाव आहे हे कुणाला माहीतच नव्हतं! मंडळी आधी गोंधळली, मग मागे पडली, मग हसत हसत धावून गाण्याला जाऊन मिळाली. पाळकसाहेब गाता गाता टाचा उचलत होते. सासूबाईंनी दोन्ही पावलं जमिनीवर घट्ट टेकवली होती. तिथून ठोका त्यांच्या अंगात चढत होता, आणि त्या खड्या आवाजात गात होत्या. शब्द दुसऱ्याच गीताचे होते. कुणी त्यांना थांबवलं नाही.

सोफावाल्याने शेजारी पाहिलं. म्हाताऱ्याचे गाल ओले झाले होते आणि ओठ हलत होते.

उपासना सुटल्यावर पायऱ्यांशी पियानोवाल्या बाई येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या वादनात दोष आहे असं तुमचं म्हणणं आहे का?"

"वादन उत्तम आहे," बँडमास्तर म्हणाले. "तुम्ही लोकांचं फार ऐकता."

बाईंनी गीतांचं पुस्तक मिटून काखेत धरलं. "गुरुवारी संध्याकाळी गायकवृंदाचा सराव असतो," त्या म्हणाल्या. "वेळेवर या."

पुढे उन्हाळ्यात बँडमास्तरांना दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरची खोली मिळाली. सामान हलवताना ती उंच खुर्ची त्यांनी मागूनच नेली. म्हणाले, दुसरीकडे बसलं की गाढ झोप लागते. गुरुवार मात्र त्यांनी एकही चुकवला नाही, आणि दुपारचे सोफावाला पट्ट्या ताणत असला की ते दुकानात येऊन बसतात. दोघं फारसं बोलत नाहीत. एक ठोकतो, दुसरा गुणगुणतो. आणि रस्त्याने जाणारी माणसं उगाचच पावलं जुळवत पुढे जातात.