उभ्या गाडीचा खर्च

लॅबमध्ये सगळे त्याला काटकसरे म्हणत. आडनाव ते नव्हतं, पण नवीन आलेल्या माणसाला महिनाभर तरी ते खरंच वाटे. दंतवैद्यांकडून आलेल्या मापांवरून कवळ्या बनवण्याचं काम तिथं चाले, आणि मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवण्यात काटकसरेचा हात धरणारं कोणी नव्हतं. माणूस कामाला सोन्यासारखा. फक्त खिशात हात घालायची वेळ आली की तो हात तिथंच अडकून बसे. चहाच्या वर्गणीत तो नाही, सहलीत तो नाही. बुटांचे तळवे दोनदा लॅबच्याच गोंदाने चिकटवलेले. दुपारी डब्यात पावाचे दोन तुकडे आणि एक उकडलेलं अंडं.

"ओढाताण असते रे एकेकाची, हसू नये," असं साचे ओतणाऱ्या ताई इतरांना दटावत. ताई वयाने सगळ्यांत मोठ्या. मालकालाही त्या अरे-तुरे करत आणि मालक ते निमूट ऐकून घेत.

ओढाताण होती, हे खरंच होतं. ती कशापायी होती, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

घरापासून दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या गॅरेजांची रांग होती. त्यातल्या सातव्या शटरमागे, सुती चादरीखाली, एक गडद निळी गाडी उभी असे. दोन दारांची, सहा सिलिंडरची, शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांच्या हाताखालून निघालेली. पहिला मालक एक सर्जन. त्याने नऊ वर्षांत ती जेमतेम चौदा हजार किलोमीटर चालवली होती. वडिलांच्या मागे वाटणीला आलेल्या पैशांतून काटकसरेने ती घेतली, तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, "अगं, नव्यासारखी आहे. आणि नुसती उभी तर असणार. उभ्या गाडीला कसला खर्च?"

बायको घरीच लोकांचे कपडे उसवून, मापात बसवून द्यायची. तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "उभ्या माणसालासुद्धा जेवायला लागतं." पण पैसे त्याच्या वडिलांचे होते, म्हणून तिने पुढे ताणलं नाही.

दर रविवारी सकाळी तो गाडी बाहेर काढी. शहराबाहेरच्या चौकापर्यंत जाऊन परत, एकूण अकरा किलोमीटर. त्यातला निम्मा वेळ सिग्नलला. पण गोदामांच्या मागे एक सरळ, मोकळा पट्टा होता. तिथं त्याचा पाय खाली जाई, पाठ सीटला चिकटे, आणि छातीत असं काही भरून येई की सबंध आठवड्याचा पाव आणि अंडं गोड वाटावं. पट्टा संपायला वीस सेकंद लागत.

त्या वीस सेकंदांची किंमत मिस्त्री त्याला वेळोवेळी सांगत असे. गाडी चालो न चालो, ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच, आणि तेही साधं नाही. बॅटरी उभ्या उभ्या मेली. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढला, कारण आठवड्यातले सहा दिवस ब्रेक दाबायला कोणी नव्हतंच. विमा कंपनीने किलोमीटर विचारलेच नाहीत; इंजिन केवढं ते विचारलं आणि आकडा सांगितला. गॅरेजचं भाडं निराळं.

"पण मी चालवतो कुठं एवढी?" काटकसरे कळवळून विचारी.

"तेच तर," मिस्त्री हात पुसत म्हणे. "चालणारी गाडी पैसे मागते, उभी गाडी व्याज मागते. हौसेला मोल नसतं म्हणतात ना साहेब, पण बिल असतं."

बायकोला त्याने खरा आकडा कधी सांगितला नाही. लॅबमध्ये तर गाडीचा उच्चारसुद्धा नाही. गोंद लावलेले बूट घालून कोणत्या तोंडाने सांगणार?

बॅटरी मेली त्याच आठवड्यात लॅबच्या जुन्या डिलिव्हरीवाल्याच्या निरोपाच्या वर्गणीची यादी फिरत फिरत त्याच्या टेबलापाशी आली. सगळ्यांनी नावापुढे आकडे घातले होते. तो पेन हातात धरून बसला, आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "यावेळी नाही जमणार. घरी आजारपण आहे."

"कोणाला रे?" ताईंनी ओतत असलेला साचा बाजूला ठेवला.

"बायकोला."

"अगं बाई! काय झालंय?"

"तपासण्या चालू आहेत."

यादी पुढे गेली. त्याला हायसं वाटलं. पण खोटं हे पाळलेल्या जनावरासारखं असतं, त्याला रोज काहीतरी घालावं लागतं. ताई रोज सकाळी विचारत, "कशी आहे आज?" तो म्हणे, "ठीक आहे," किंवा "रात्री झोप नव्हती." विम्याच्या माणसाला गाडी दाखवायची होती, त्या दिवशी दवाखान्याचं नाव सांगून तो लवकर निघाला. जाताना मालकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात रस्त्यापर्यंत पाठीवर जाणवत राहिला.

सहा आठवड्यांनी, एका शुक्रवारी काम संपताना, मालकांनी सगळ्यांसमोर त्याच्या हातात एक जाड पाकीट ठेवलं. "आम्ही सगळ्यांनी मिळून. नाही म्हणू नकोस."

तो नाही म्हणाला. दोनदा म्हणाला. पॉलिश करणारा पोरगेला माणूस, ज्याचं स्वतःचं लग्न तोंडावर आलं होतं, तोही मान हलवून म्हणाला, "घ्या हो, माणसंच माणसांच्या कामी येतात." ताई डोळे पुसत होत्या. तिसऱ्यांदा नाही म्हणायला त्याचं तोंड उघडलंच नाही. पाकीट खिशात गेलं.

त्याने ते तसंच ठेवलं असतं, तरी गोष्ट निराळी झाली असती. पण मिस्त्रीने आदल्याच आठवड्यात चारही टायर बदलायला सांगितले होते. "नक्षी तर नवी कोरी आहे," काटकसरे म्हणाला होता. "नक्षी काय चाटायचीय?" मिस्त्रीने नखाने टायरची बारीक चीर दाखवली. "दहा वर्षांचं रबर आहे, साहेब. दगड झालाय त्याचा. त्या पट्ट्यावर एक दिवस फुटेल आणि तुम्ही भिंतीवरच्या फोटोत जाल." शनिवारी टायर बसले. पुढच्या पगारातून पाकीट पुन्हा भरू, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि ते स्वतःलाच पटलं नाही.

रविवारी तो नव्या टायरवरून अकरा किलोमीटर जाऊन आला. त्या दिवशी पट्ट्यावर त्याने पाय खाली नेलाच नाही. घरी येऊन दार उघडलं तर आत ताई बसल्या होत्या.

समोर टेबलावर गरम सूपचा डबा, एक पिशवीभर संत्री. आणि आरामखुर्चीत त्याची बायको. सकाळी तो निघाला तेव्हा ती मशीनवर कोणाची तरी पँट आखूड करत गुणगुणत होती. आता तिच्या अंगावर शाल होती, केस सोडलेले होते, आणि शालीच्या खालून मापाची पिवळी टेप लोंबत होती.

"ये, ये," ताई म्हणाल्या. "म्हटलं स्वतः बघून यावं. अरे, किती गुणाची बायको आहे तुझी! उठून दार उघडलं बिचारीने. मीच दटावून बसवलं."

काटकसरेने बायकोकडे पाहिलं. बायको त्याच्याकडे बघत नव्हती.

"आता बरंच बरं आहे हो," ती क्षीण आवाजात ताईंना म्हणाली. "थकवा तेवढा आहे. तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत. हे सांगत असतात मला."

त्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं. दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी बाईच्या दोन वाक्यांवरून तिने सगळं ताडलं होतं, आणि नवऱ्याची लाज झाकायला हाताला लागली ती शाल अंगावर ओढली होती. ताई अर्धा तास बसल्या. तेवढा वेळ ती खोकली, सूपचे चार घोट प्याली, पथ्य काय काय सांगितलंय तेही बोलली. तो भिंतीला टेकून उभा होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटत होतं. पण फरशी चांगली पक्की होती.

ताई गेल्या. दार लागलं. बायकोने शालीची नीट चौकोनी घडी घातली, केस बांधले आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"मला झालंय तरी काय?" तिने विचारलं. "पुन्हा कोणी विचारलं तर सांगायला हवं."

ती ओरडली असती तर त्याने सोसलं असतं. त्याने तिथंच खाली बसून सगळं सांगितलं. बॅटरी, विमा, यादी, पाकीट. सगळ्यांत शेवटी टायर.

"पैसे उरलेत त्यातले?"

"नाही."

"मी तुझ्यासाठी खोटं बोलले," ती म्हणाली. "त्या बाईचं सूप पिऊन. आयुष्यात एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. उद्या तू जाऊन सांगायचंस. सगळ्यांना. आणि मी का खोटं बोलले तेही सांगायचंस."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो उभा राहिला. बोलायचं पाठ करून आला होता, पण पहिल्याच वाक्याला गाडी रुळावरून घसरली. "बायको आजारी नाही. कधीच नव्हती. माझी एक गाडी आहे." कोणीतरी हसलं, त्यांना वाटलं, चेष्टा आहे. मग हसू विझलं. मालकांनी गाडी कोणती ते विचारलं, आणि उत्तर ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या; ते स्वतः बसने येत. पॉलिशवाला हातातला घास डब्यात ठेवून बाहेर निघून गेला.

"बायको माझ्यामुळे खोटं बोलली," तो ताईंकडे वळून म्हणाला. "तिला काही माहीत नव्हतं. तुमचे पैसे मी परत करीन, महिन्याच्या आत."

ताईंनी भांड्यातलं प्लास्टर ढवळणं थांबवलं नाही. ते घट्ट होत आलं होतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा. जेवून घ्या."

तुम्ही. अकरा वर्षांत त्यांनी त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मालकाने कामावरून काढलं असतं तरी त्याला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं.

गाडी विकायला तीन आठवडे लागले. कमी चाललेली म्हणून भाव चढा येईल, ही त्याची आशा मिस्त्रीनेच मोडली. "उभी राहिलेली गाडी म्हणजे सगळे रबरी सील वाळलेले, हे आता घेणारेही ओळखतात." शेवटी एक जनावरांची डॉक्टर आली. लांब लांबच्या गोठ्यांवर जायचं, दिवसाचे दीडशे किलोमीटर, आणि जाताना तरी जिवाला बरं वाटावं, म्हणून तिला ती हवी होती. चिखलाचे बूट तिने तसेच आत ठेवले. काटकसरेच्या काळजात चर्र झालं. बायको सोबत आली होती. ती शटरपाशी हाताची घडी घालून उभी होती.

डॉक्टरने मीटर पाहिला. "एवढीच चालवलीत? का हो?"

अशा वेळी द्यायची उत्तरं त्याच्याकडे पुष्कळ होती. जपून ठेवली, वेळ नसतो, रस्ते वाईट.

"परवडत नव्हती," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून परवडत नव्हती. तसं म्हणायची लाज वाटायची."

डॉक्टरने मान डोलावली आणि किल्ली घेतली. घरी चालत जाताना बायको पहिल्यांदाच त्याच्या बरोबरीने चालली. गेले तीन आठवडे ती दोन पावलं पुढे असायची.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रत्येकाच्या नावाची वेगवेगळी पाकिटं नेली. मालकांनी नको नको म्हणत घेतलं. पॉलिशवाल्याने न बोलता घेतलं, आणि चार दिवसांनी लग्नाचं आमंत्रण दिलं, ते काटकसरेच्या बायकोच्या नावाने. ताईंनी पाकीट उघडलं, त्याच्यासमोर पैसे मोजले, बरोबर आहेत म्हणाल्या आणि पर्समध्ये ठेवले. तो उभाच राहिला.

ताईंनी ओल्या हातानेच एक साचा त्याच्या पुढ्यात सरकवला. "हा वरचा जबडा. पेशंट म्हातारे आहेत, दहा दिवस धड जेवलेले नाहीत. दुपारपर्यंत द्याल?"

"देतो," तो म्हणाला, आणि मेण तापवायला घेतलं.