पाहुण्यांपुरता रंग

औषधांच्या दुकानात कमलिनी आजवर कितीदा तरी गेली असेल, पण त्या दिवशी शिरली ती चोरासारखी. अंग सावळं करणारी लोशनं कुठे ठेवतात, हे विचारायचीसुद्धा तिला लाज वाटत होती. अबू धाबीच्या उन्हात राहून वर काळं व्हायला पैसे मोजायचे म्हणजे चारचौघींत थट्टाच. पण थट्टा सुचावी अशी तिची मनःस्थिती नव्हती.

शनिवारी तिची धाकटी बहीण सुनेत्रा हिला बघायला शारजाहून सत्यजित आणि त्याची आई येणार होते. याआधी सुनेत्राचं लग्न ठरता ठरता मोडलं होतं. आणि कमलिनीच्या लेकीच्या, नऊ वर्षांच्या सुरुचीच्या, दोन्ही हातांवर गेल्या वर्षापासून पांढरे डाग उमटले होते. दुखणं नाही, खुपणं नाही, कुणाला लागायची भीती नाही, असं डॉक्टर सांगून थकले होते. सुरुचीला तर त्याचं काहीच वाटत नव्हतं. वर्गात कुणी विचारलं की ती खुशाल हात पुढे करायची. पण ‘घराण्यात कोड आहे’ म्हणून पाहुणे उठून जातील, या धास्तीने आईचा जीव टांगणीला लागला होता.

काउंटरवर शहनाझ होती. रत्नागिरीची, चांगली ओळखीची.

“कुणासाठी हवंय, ताई?”

“माझ्यासाठीच. बीचवर जायचंय,” कमलिनीने ठोकून दिलं.

“मग हे टॅनिंग ऑइल घ्या, स्वस्तात मस्त. पण याला ऊन लागतं.”

“उन्हाशिवाय रंग येईल असं नाही का?”

“हे ब्रॉन्झर आहे ना. लावलं की लगेच रंग, पण पाणी लागलं की खलास.”

कमलिनीला बेसिनपाशी साबणाचा फेस काढत बसणारी सुरुची आठवली. “टिकणारं दाखव.”

“टिकणारा हा फेसासारखा मूस. पण महाग, आणि थोडा जास्त झाला की माणूस गाजरासारखा केशरी दिसतो. त्यापेक्षा हे रोजचं लोशन बरं. रंग हळूहळू चढतो, हवा तिथे थांबता येतं. मग पाच-सहा दिवस जात नाही. बेचाळीस दिरहम, म्हणजे आपले हजारेक रुपये.” पिशवी देताना शहनाझ म्हणाली, “फक्त मुलीच्या हाती लागू देऊ नका हं. लहान मुलांना डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.”

कमलिनीने मान डोलावली आणि घरी येऊन त्याच संध्याकाळी कापसाच्या काडीने लेकीच्या डागांवर लोशन लावायला घेतलं.

“व्हाय, मम्मा? इट डझन्ट हर्ट.”

“पाहुणे येणार आहेत ना, म्हणून.”

“दे वोन्ट लाइक मी?”

“तसं नाही गं. पाहुण्यांपुरतंच आहे.”

शुक्रवारपर्यंत डाग बेमालूम झाकले गेले. सुरुची मात्र हात बाह्यांत ओढून घेऊ लागली. मधूनच दिव्याखाली हात धरून बघायची. कमलिनीला ते दिसत होतं. बहिणीचं एकदा जमू दे, मग बघू, असं म्हणून ती वड्यांच्या तयारीला लागायची.

शनिवारी सुनेत्रा दुबईहून आली तीच उशिरा, आणि साडी नेसते न नेसते तोच पाहुणे दारात. सत्यजितची आई मोकळ्या स्वभावाची निघाली. सुरुची पाणी घेऊन आली तशी तिने तिला जवळ ओढलं.

“तूच ना सुरुची? मावशीने तुझ्याबद्दल आम्हाला पहिल्याच फोनवर सांगितलंय. भाचीच्या हातांवर डाग आहेत म्हणाली, नंतर कुणी काही बोलायला नको. अगं, आम्हाला त्याचं काय? बघू हात.” तिने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. “अगंबाई, गेले की काय?”

सुनेत्राने त्या हातांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. कमलिनी मान वर करेना.

“यस, आंटी. ऑल गॉन,” सुरुचीने झटकन सांगितलं आणि हात पाठीमागे नेले. मग तिने आईकडे पाहिलं, बरोबर बोलले ना, अशा नजरेने.

तेव्हाच कमलिनीने खरं सांगून टाकायला हवं होतं. ती म्हणाली, “वडे गार होतायत, घ्या ना.”

लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर सुनेत्रा एवढंच म्हणाली, “ताई, मला एकदा विचारायचंस तरी.” कमलिनीने सुरुचीला बेसिनपाशी नेलं आणि साबण लावून तिचे हात चोळचोळ चोळले. रंग तसूभरही हलला नाही.

“मम्मा, स्टॉप. इट हर्ट्स.”

कमलिनी भानावर आली. ओल्या फरशीवर बसून तिने ते लालसर झालेले हात स्वतःच्या हातात घेतले. “चुकलं माझं, बाळा. मावशीने सांगितलं होतं त्यांना, कुणाला काही वाटलं नाही. हे आता पुन्हा नाही लावायचं. आपोआप जाईल.”

“आपोआप?” सुरुचीचा चेहरा उतरला. “व्हेन?”

“चार-पाच दिवसांत.”

“देन आय वोन्ट गो टू स्कूल.”

“अगं, शाळेत सगळ्यांना माहीत आहे की.”

“दॅट वॉज बिफोर,” सुरुची रडू लागली. “आता मला कळलं ना, मम्मा.”