आठवी पट्टी

"डोळे मिटून घ्या," नरहरराव डॉक्टर म्हणाले, "आणि टोचलं की सांगा."

सुमतीबाईंनी डोळे मिटले. टाचणीचं टोक डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकलं.

"टोचलं."

मग तर्जनीवर, मग मधल्या बोटावर. दोन्ही ठिकाणी कातडं भेगाळलं होतं, भेगांतून लस येऊन वाळली होती. तरी त्यांनी प्रत्येक वेळी टोचलं म्हणून सांगितलं. टाचणी ठेवून डॉक्टरांनी कापसाची वात फिरवली. तीही कळली.

"महारोग नाही," डॉक्टर म्हणाले.

दाराशी बसलेल्या नलिनीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एक लांब श्वास सोडला. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या थोरल्या जावेनं भर पंगतीत हा शब्द उच्चारला होता. सुमतीबाईंच्या वाढणाऱ्या हाताकडे बघत ती ताटावरून उठली होती. माघात नलिनीबाई आणि त्यांचे वकील यजमान यांच्या मुलाची मुंज होती. ब्रह्मपूर वस्तीतल्या गुंडेराव वकिलांच्या घरी महारोगी बाई सोवळ्यात रांधते, एवढं एक वाक्य गुलबर्ग्यात फिरलं असतं, तर पत्रावळींवर कुणी बसलं नसतं.

सुमतीबाई त्या घरी चौदा वर्षं रांधत होत्या. नवरा गेला तेव्हा त्या तिशीच्या आत होत्या. केस उतरवले, आलवण नेसल्या आणि कडगंचीहून इथं आल्या, कारण केशवपन केलेल्या बाईच्या हातचं सोवळं चोख मानणारी घरं इथं होती. पहाटेची अंघोळ, चूल, पुरण, वरण, नैवेद्य, पंगती. काम आवडतं की नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं. अलीकडे उभ्या राहिल्या की गुडघे कुरकुरत आणि बसल्या की उठावंसं वाटत नसे. त्यात दिवाळीपासून हे हात.

"उजवा हात बघा, जवळजवळ स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "डाव्याची तीनच बोटं, तीही टोकाशी. काहीतरी धरताय तुम्ही या तीन बोटांनी. रोज. काय धरता?"

"सगळंच धरते. चिंच, हळद, भाजी..."

"कांदा, लसूण?"

सुमतीबाईंनी डावा हात पदराखाली ओढून घेतला. पण त्यांच्याआधी नलिनीबाई बोलल्या.

"आमच्याकडे वर्ज्य आहे, डॉक्टर. घरात येत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. हैदराबादेत शिकताना एका प्राध्यापकांनी दाखवलेली एक परीक्षा आहे, ते म्हणाले. बाईंच्या हाताला जे जे लागतं ते वाटीवाटीतून घेऊन या. थोडं थोडं पाठीवर लावून बांधून ठेवू. ज्याचा राग कातडीला असेल, तिथं कातडी आपण होऊन सांगेल.

घरी जाताना टांग्यात सुमतीबाई आपल्या बोटांकडे बघत होत्या. कातडी आपण होऊन सांगेल, हे शब्द त्यांच्या मनातून जाईनात.

कारण लसूण होती. वकिलांच्या घरी नव्हे, त्यांच्या स्वतःच्या खोलीत. दोन वर्षांमागं हिवतापानं त्या आडव्या झाल्या होत्या, तेव्हा जिच्या अंगणात त्यांची खोली होती त्या गुरुबाईनं उशाशी गरम भाकरी आणून ठेवली. गुरुबाई शेतकऱ्याघरची. भाकरीवर लसणाची चटणी असते हे तिच्या लेखी सांगण्यासारखंही नव्हतं. तापानं बेचव झालेल्या तोंडात सुमतीबाईंनी पहिला घास घातला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांनी जीभ आहे हे कळलं. तेव्हापासून दुपारी खोलीवर आल्या की त्या दार लोटून घेत, पाचसहा पाकळ्या सोलत, मीठ-मिरची घालून खलबत्त्यात कुटत आणि अर्धी भाकरी खात. मग राखेनं हात घासत, चूळ भरत आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला पुन्हा अंघोळ करून जात. दिवसभरात तेवढाच वेळ त्यांचा होता.

दोन दिवसांनी नलिनीबाईंनी वाट्यांची टोपली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. सुमतीबाई पाठमोऱ्या स्टुलावर बसल्या. पाठीवरचं आलवण खाली घेताना त्यांनी पुढची बाजू घट्ट धरून ठेवली. परक्या पुरुषासमोर पाठ उघडी करायची वेळ आयुष्यात आली नव्हती. नलिनीबाई अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"हळद," नलिनीबाई एकेक वाटी पुढं करत म्हणाल्या. "चिंच. हिंग. मोहरी. रिठ्याचं पाणी. करडईचं तेल. भांडी घासायची राख."

प्रत्येक नावाबरोबर पाठीवर फडक्याचा लहानसा तुकडा टेकत होता, त्यावर मेणकापड, वरून चिकटपट्टी. शेजारी डॉक्टर शाईनं आकडा काढत होते. सात झाले. मग कुणी काही न बोलता डाव्या खांद्याच्या खवाट्याखाली आणखी एक तुकडा टेकला.

"आठ," डॉक्टर पुटपुटले. मग त्यांनी स्वतःची बाही वर केली आणि तसेच आठ तुकडे आपल्या दंडावरही लावले.

"तुम्हाला कशाला?" नलिनीबाईंनी विचारलं.

"विस्तव सगळ्यांनाच भाजतो. मला भाजलं आणि यांनाही भाजलं, तर तो त्या वस्तूचा गुण. मला काही झालं नाही आणि यांनाच झालं, तर तो यांच्या कातडीचा हिशोब." ते हात पुसत म्हणाले, "चार दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. अंघोळ नाही."

अंघोळ नाही म्हणजे सोवळं नाही. सोवळं नाही म्हणजे चूल नाही. चार दिवस.

"मी बघते घरचं," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांना दमा होता. धुरानं उसळत असे.

त्या चार दिवसांत सुमतीबाईंना काय करावं ते समजेना. पहाटे जाग यायची, त्या उठून बसायच्या, मग आठवायचं की कुठं जायचं नाही.

"अक्का, कामून उठायलाव?" गुरुबाई अंगण झाडता झाडता म्हणायची. "पडा की उगी. चौदा वर्सांची झोप हाय तुमची बाकी."

पडलं की अंग दगडासारखं जड व्हायचं. पालथं झोपावं लागे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सवयीनं खलबत्त्याकडे हात नेला, तर गुरुबाईनं तो उचलून आपल्याकडे नेला.

"आत्ता न्हाई. हात बरे व्हू द्या."

पण त्याच दुपारी डाव्या खवाट्याखाली खाज सुटली. आधी मुंगी चालल्यासारखी, मग निखारा ठेवल्यासारखी. आठवी पट्टी. कसली होती ती? डॉक्टरांनी डाव्या हाताची तीन बोटं बघितली होती, आणि डॉक्टर काही खुळे नव्हते. ती लसूणच असणार. आपल्याच पाठीवर काय उमटलंय ते आपल्याला दिसणार नाही, आणि ज्यांना दिसू नये त्यांना मात्र दिसणार. नलिनीबाईंना दिसणार. मग वकिलांना कळणार. चौदा वर्षं यांच्या हातचा नैवेद्य देवाला दाखवला, असं म्हणत थोरल्या जाऊबाई घर डोक्यावर घेणार. या वयात, अशा हातांनी, दुसरं कुठलं घर आपल्याला चुलीपुढं बसवून घेईल? विचार करता करताच त्यांना झोप लागली. भीतीपेक्षा थकवा मोठा होता.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या. मोहरीखाली लाली होती आणि आठवीखालीही. बाकी पाठ स्वच्छ.

"आज निकाल नाही," डॉक्टर म्हणाले. "नुसती चुरचुर असेल तर दोन दिवसांत जाते. खरा राग असतो तो वाढतो."

तो वाढला. शेवटच्या दिवशी सुमतीबाई स्टुलावर बसल्या तेव्हा त्यांना आरशाची गरज नव्हती. मोहरीची जागा शांत होती. आठव्या जागेवर बारीक पाणफोड आले होते, हे त्यांना अंगावरच्या कापडावरूनही कळत होतं. डॉक्टरांनी आपला दंड पुढं केला. तिथं नुसते शाईचे आकडे होते. सुमतीबाईंचे हात मात्र चार दिवसांत सुकू लागले होते, भेगांच्या कडा मऊ पडल्या होत्या.

डॉक्टर वहीत काहीतरी लिहीत राहिले. मग सुमतीबाईंनाच ते सोसेना. लपवण्याचाही कंटाळा येतो.

"आठवी कसली होती, डॉक्टर?"

डॉक्टरांनी नलिनीबाईंकडे बघितलं.

"लसणाची," नलिनीबाई म्हणाल्या. "मीच दिली. तुमच्या गुरुबाईकडून आणवली."

सुमतीबाईंनी आलवण खांद्यावर ओढून घेतलं.

डॉक्टर खाली बघून, जणू आपल्या दंडाशीच बोलल्यासारखे सांगू लागले. हा संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. वर्षानुवर्षं एखादी वस्तू हाताळावी, काही होऊ नये, आणि एक दिवस कातडीनं तिला वैरी ठरवावं, असा हा प्रकार. एकदा ठरवलं की ती विसरत नाही. मग कणभर लागलं तरी पुरतं. औषध एकच, स्पर्श टाळायचा. मलम देतो. महिन्याभरात हात पहिल्यासारखे होतील, मुंजीच्या आधी.

"सोलायचं नाही, कुटायचं नाही," ते म्हणाले. "खाण्याचं विचाराल तर मला ठाऊक नाही. थोडं खाऊन बघावं लागेल. ते तुमचं तुम्ही ठरवा."

टांगा निघाला. उन्हं कलली होती, रस्त्याला तुरीची पोती लादलेल्या गाड्या लागत होत्या. टांगेवाला घोड्याशी काहीतरी बोलत होता. सुमतीबाई वाट बघत होत्या, आता काय ऐकायला मिळतं त्याची.

"दोन वर्षं झाली," अखेर नलिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही संध्याकाळी वाढायला वाकलात, पहिल्याच दिवशी कळलं. राखेनं जात नाही तो वास, काकू."

"मग बोलला नाहीत?"

"बोलले असते तर यांच्या कानावर घालावं लागलं असतं. मग तुम्ही गेला असता. आणि चुलीपुढं कोण बसणार? मीच ना?" त्या बाहेर बघत होत्या. "फार विचार केला असं समजू नका. दमले होते. गप्प बसले."

त्यांना खोकल्याची उबळ आली. चार दिवसांच्या धुरानं छाती भरली होती. सुमतीबाईंचा हात आपोआप त्यांच्या पाठीवर गेला आणि उबळ ओसरेपर्यंत तिथंच फिरत राहिला.

"आता?" सुमतीबाईंनी विचारलं.

"आता काय. डॉक्टरांनी सांगितलंय, हे लागण्यातलं नाही. घरी एवढंच सांगायचं. उद्या न्हाऊन या. पुरण आहे." मग त्या म्हणाल्या, "सोलायला गुरुबाईला सांगा."

घर दिसू लागलं. टांगेवाल्यानं लगाम ओढला, पण नलिनीबाई उतरेनात. त्यांनी आधी टांगेवाल्याच्या पाठीकडे बघितलं, मग आवाज अगदी खाली आणला.

"कशी लागते हो?"

चौदा वर्षांत या घरातल्या कुणी सुमतीबाईंना कसल्याही चवीबद्दल विचारलं नव्हतं. त्या विचार करू लागल्या, स्वयंपाकाचा विचार करावा तसा.

"भाकरी तव्यावरून उतरलेली पाहिजे, वहिनी," त्या म्हणाल्या. "गार भाकरीवर काही कळायचं नाही. दुपारी दोनच्या सुमाराला गुरुबाई थापते."