कणगीवरची थाप

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. आत्ता माझ्या पोटात धान्य नाही, दोन पोरे लपून बसली आहेत. एकाला शिंक येते आहे आणि दुसरी त्याचे नाक दाबून बसली आहे. ज्याच्यावर राज्य आले आहे तो तिसरा अंगणात शंभर मोजतो आहे. त्याला वीसच्या पुढे येत नाही, म्हणून तो वीस झाले की पुन्हा एकपासून सुरू करतो. तेवढ्या वेळात मी तुम्हाला माझी गोष्ट सांगते.

माझा जन्म जव्हार संस्थानातल्या दाभोशाचा. पुंजाबाबाने आपल्या देवरामचे लग्न ठरल्यावर अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडले. चांदण्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते, असे तो म्हणे. त्याच्या पातळ कामट्या काढून त्याने मला अंगणात बसून विणले, माणसाच्या छातीइतकी उंच आणि पोटाला चांगली गोल. मग पोशेऱ्याहून नवी सून आली, काशी. हळदीच्या हातांनी तिने शेण, माती आणि भाताचा कोंडा कालवला आणि मला आतबाहेर सारवले. बुडाशी मुठीएवढे भोक ठेवले, चिंध्यांचा बोळा घालून ते लिंपले. धान्य भरायचे वरून, काढायचे त्या भोकातून. चार दगडांवर फळ्या टाकून मला भिंतीशी बसवले आणि काशीने मला कुंकू लावले. आमच्याकडे धान्य म्हणजे कणसरी देवी आणि कणगी म्हणजे तिचे घर.

त्या वर्षी नागली, म्हणजे नाचणी, उदंड आली. मी गळ्यापर्यंत भरले. भरल्या पोटाचे सुख काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

पण देवराम गवताचे भारे घेऊन जव्हारच्या बाजारात जाऊ लागला आणि बाजार आमच्या घरात येऊ लागला. आधी काचेचा कंदील आला. मग त्याला रॉकेल. मग वासाचा साबण, साखरेची पुडी, चहाची पुडी, काशीसाठी आरसा. काशीही हरखली, खोटे कशाला बोलू? पाहुणा आला की ती आरसा पुसून त्याच्या समोर टांगायची. वाणी पैसे मागत नसे, नागली घेत असे. प्रत्येक पुडीमागे माझ्या बुडाचा बोळा निघायचा. कुणाला काही वाटत नव्हते, कारण मी वरून झाकलेली आणि धान्य जायचे खालून.

दोन वर्षांनी माघात मिठागरांचा मुकादम घाट चढून आला. त्याची एक रीत होती. तो कुणाला काही विचारत नसे. गूळपाणी प्यायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि उठताना सहज कणगीवर थाप द्यायचा. भरलेली कणगी धप्प वाजते, रिकामी ढब ढब. गावातून कोण मिठागरावर येणार आणि कोण नाही, ते त्याला त्या थापेतच कळायचे.

त्याने माझ्यावर थाप दिली. मी ढब ढब वाजले.

"देवराम," तो हसून म्हणाला, "परवा निघायचं. भाकरी बांधून ठेव."

त्या वेळी सुकी तीन महिन्यांची होती. देवराम गेला तो ज्येष्ठातच परतला, काळाठिक्कर होऊन, मजुरीच्या पैशाची नागली आणि पायांना मिठाने पडलेल्या भेगा घेऊन. दारातूनच त्याने हात पुढे केले. सुकीने त्याच्याकडे पाहिले आणि असा टाहो फोडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. आठ दिवस ती त्याच्याकडे गेली नाही. तो जवळ आला की आईच्या लुगड्यात तोंड खुपसायची.

एका दुपारी देवराम माझ्या आडोशाला येऊन बसला आणि उगीच भिंतीकडे बघत राहिला. काशीने ते पाहिले. तो शेतावर गेल्यावर ती माझ्यापाशी आली, माझ्या पोटावर हात ठेवला आणि पुंजाबाबाला म्हणाली, "बाबा, मीठ घ्यायला आपण नागली देतो. नागली सरली की मीठ काढायला माणूस देतो. हे काय बरं नाय."

"मग काय करशील?"

"पुढच्या माघात हिच्यावर थाप पडंल ती भरल्या पोटावर पडंल. सुकीचा बा घरातून हलायचा नाय."

म्हातारा तोंडातला पानाचा तोबरा सांभाळत म्हणाला, "तुझ्या सासूला सगळं येत होतं. तू विचारत जा, मी आठवत जाईन."

आणि मग घरात जी मौज सुरू झाली, मित्रांनो, ती मी उभ्या जन्मात विसरणार नाही. कंदील आढ्याला टांगला गेला आणि मोहाच्या बियांचे तेल काढून पणती पेटली. साबणाच्या जागी शिकेकाई आली. साखरेच्या जागी मोहाची वाळलेली फुले. सकाळी चहाऐवजी नागलीची आंबील. पावसाळ्यात भाजीला टाकळा, कुरडू, बांबूचे कोंब रानातून येत. जेवायला पळसाची पाने. सुकीची कुंची काशीच्या फाटक्या चोळीची. वाण्याकडून फक्त मीठ. पुंजाबाबा रोज काहीतरी नवे जुने आठवायचा आणि आठवले की आनंदाने मांडीवर थाप मारायचा. एक रीत तर माझ्यासाठीच होती. दळायला दाणे काढले की त्यातली एक मूठ वरून परत माझ्या पोटात टाकायची. सुकीला कडेवर घेऊन काशी ती मूठ सुकीच्या हाताने टाकायची. अर्धे दाणे जमिनीवर पडत, ते वेचण्यात सुकीची सकाळ जाई.

शेजारची गोजाबाई कुंपणावरून बघायची. "काय गं काशे, राखंनं भांडी, राखंनं दात. उद्या भाकरी पण राखंचीच थापशील काय?"

"थापीन की. पहिली तुलाच वाढीन."

"वाढ बाय. तुझ्या घरी फुकट काय मिळतंय तर राखच."

दोघी हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी गोजाबाईच शिकेकाई मागायला यायची.

कार्तिकात नागली घरात आली. मी पुन्हा गळ्यापर्यंत भरले. सुकी वर्षाची झाली होती, देवरामच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नसायची.

पण दिवाळीला एक गोष्ट राहून गेली. दरवर्षी मला भरण्याआधी शेणामातीचा नवा हात मिळायचा. त्या वर्षी काशीने एकेक पाटी शेण राबासाठी राखले होते. राब म्हणजे पेरणीआधी रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा जाळतात ना, ते. राब चांगला तर रोप चांगले. "कणगीला काय, गेल्या वर्षीचं सारवण हाये अजून," असे म्हणून तिने माझ्या वाटची पाटीही राबाच्या ढिगावर टाकली. तिचे चुकले असे मी कशी म्हणू? तिच्या मनात पुढच्या वर्षीची नागली होती.

माझ्या पाठीला, भिंतीच्या बाजूला, बुडाशी एक चीर होती. नागलीचा दाणा मोहरीएवढा. तो चिरेतून एकेक करून निसटू लागला. भिंतीच्या पायात एक घूस राहायची. तिला तर घरबसल्या बाजार मिळाला. ती गालफडे भरभरून न्यायची. मित्रांनो, मला सगळे कळत होते, पण कणगीला बोलता येत नाही. काशी रोज मूठ परत टाकायची आणि मी मागून ओंजळ सांडायची. एवढी लाज मला कधी वाटली नाही.

पौष सरत आला. एका सकाळी काशीने माझे झाकण काढून आत हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी दाणा लागेना. देवराम आला तेव्हा ती म्हणाली, "खरं सांग. वाण्याकडं नेलीस?"

"काय?"

"नागली."

"नाय नेली."

"मग गेली कुठं? मी खाल्ली?"

"मला परत मिठागरावर जायचंय असं वाटतंय तुला?" देवराम एवढेच म्हणाला आणि कुऱ्हाड घेऊन निघून गेला. त्या रात्री काशीने आपली भाकरी अर्धी मोडली आणि अर्धी टोपल्यात परत ठेवली. पुंजाबाबाने ती पाहिली.

दुसऱ्या दिवशी सुकी दिसेना. काशीने हाका मारल्या, अंगण पाहिले, गोठा पाहिला. शेवटी माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून दोन पाय बाहेर आलेले दिसले. काशीने तिला ओढून काढले. पोरीचे तोंड नागलीने भरलेले, दोन्ही मुठी नागलीने भरलेल्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू तिनेच पीक काढले. रोज सांडलेले दाणे वेचायची तिची सवय. वेचत वेचत ती चिरेपर्यंत पोचली होती.

काशी वाकली. तिने चीर पाहिली, खाली बीळ पाहिले. मग तिथेच खाली बसली आणि सुकीच्या तोंडातले दाणे काढता काढता हसू लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"बाबा, हाक मारा तिच्या बाला," ती म्हणाली. "चोर सापडला."

देवराम आला. काशी त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "मी बोलले ते चुकलं."

"घुशीला बोल. मला काय सांगतेस," तो म्हणाला आणि कुदळ उचलली.

बापलेकांनी भिंतीचा पाय उकरला. बीळ आधी सरळ गेले, मग वळले, मग खाली उतरले, आणि तिथे घुशीची कोठी लागली. एक नाही, तीन. सगळ्या नागलीने गच्च. गोजाबाई धावत आली, मागून तिचा नवरा बुधा आला, गल्लीभर पोरे जमली. टोपल्यावर टोपले भरून वर येऊ लागले.

"अगं बाय," गोजाबाई म्हणाली, "ही तर तुझ्यापेक्षा काटकसरीची. हिला पण राखंनं दात घासायला शिकवलंस काय?"

सगळे अंगण हसले. काशी सर्वांत जास्त हसली. पाखडून, धुऊन, वाळवून नागली परत माझ्या पोटात आली तेव्हा गेली त्यातली थोडीच कमी होती. शेवटच्या कोठीतल्या दोन ओंजळी मात्र पुंजाबाबाने तिथेच राहू दिल्या. "असूं दे. तिचीपण पिल्लं असतील," तो म्हणाला आणि बीळ घराच्या बाजूने दगड घालून बुजवले.

नागली भरण्याआधी काशीने राबाच्या ढिगातले पाटीभर शेण काढून आणले होते आणि मला सारवायला बसली होती. पुंजाबाबाने टोपल्यातली ती अर्धी भाकरी आणून तिच्यापुढे धरली.

"ही कणगी पण लिंप आधी," तो तिच्या पोटाकडे बोट करून म्हणाला. "कणगीला चीर पडली तर दिसली तरी. तुझी कुणाला दिसणार?"

शेणाच्या हातांनी खाता येईना, म्हणून देवरामने तिला घास भरवले. सुकीने ते पाहिले आणि आपल्या मुठीतली माती तिला भरवायला पुढे केली.

माघात मुकादम आला. गूळपाणी प्याला. हवापाण्याचे बोलला. उठला, आणि सहज केल्यासारखी माझ्यावर थाप दिली.

धप्प.

त्याने जरा खाली दिली. धप्प. वाकून बुडाशी दिली. धप्प. काशी दारात उभी राहून पदराआड हसत होती.

"देवराम," मुकादम म्हणाला, "यंदा येत नाहीस म्हणायचं."

"मी कुठं काय बोललो?" देवराम म्हणाला.

"तुझी कणगी बोलली की."

मित्रांनो, जन्मात एकदाच कुणीतरी म्हणाले की मी बोलले.

शिमग्यानंतर आमच्याकडे बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची, जनावरांची सोंगे घेऊन माणसे संबळावर नाचतात. प्रत्येक घराचे आपले सोंग. आमच्या घराचे वाघाचे. आदल्या वर्षी देवराम मिठागरावर होता म्हणून ते बुधाने घातले, आणि बुधा बुटका, त्यामुळे वाघ सारखा सैल मुकुटाच्या नवरदेवासारखा डोके सावरत होता. यंदा ते सोंग पुन्हा घरी आले. दुपारी देवरामने माझ्याशेजारी उभे राहून ते चढवून पाहिले. मोठे लाल डोळे, बाहेर आलेली जीभ, हे एवढे दात. अंगणातली पोरे किंचाळून पळाली.

काशीने पटकन सुकीला उचलले. ज्येष्ठातला तो टाहो तिला आठवला असणार, मलाही आठवला. देवराम सोंग काढायला लागला.

पण सुकी रडली नाही. तिने वाघाकडे मान वाकडी करून पाहिले, त्याच्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

"बा," ती म्हणाली.

वाघ हसला की रडला ते मला कळले नाही. सोंगाच्या आतून दोन्ही सारखेच ऐकू येते.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. पुंजाबाबा गेला. माझ्या कामट्या सैल झाल्या, नागली शेजारच्या नव्या कणगीत असते. तरी दर दिवाळीला काशी आधी मला सारवते, मग तिला. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी मूठमूठ वाचवत असेल. तिला हसू नका. तुम्हीही वाचवा. फक्त जिच्यात राखता तिला एक पाटी शेणमाती आणि जी राखते तिला एक अख्खी भाकरी, या दोन गोष्टींवर कधी काटकसर करू नका.

थांबा, अंगणातले मोजणे थांबले. पोटातली पोरे श्वास रोखून बसली आहेत. ही दोघे आणि तो मोजणारा, तिघेही सुकीची बाळे, आजोळी आलेली. मोजणारा आत आला आहे. त्याने गोठा पाहिला नाही, माळा पाहिला नाही. सरळ माझ्यापाशी आला आणि आजोबाने शिकवली तशी माझ्या पोटावर थाप दिली.

धप्प.

"भरलीय," तो म्हणाला, आणि आत शिंक आली.