पिंप ते पिंप

शाळेत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. दाबाचा धडा शिकवताना ती दर वर्षी टाचणीचंच उदाहरण द्यायची: जोर तोच, पण टोक बारीक, म्हणून रुततं. हे झालं एक कारण. दुसरं कारण तिच्या जिभेत होतं. हे नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तिच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांना पदार्थविज्ञानातलं ओ की ठो कळत नाही अशी. दुसरी, ज्यांना कळत तर नाहीच, वर आपल्याला कळतं असं वाटतं अशी. पहिल्या प्रकारात तिचा नवरा मोडत होता. दुसऱ्या प्रकाराचा मुकुटमणी म्हणजे तिचा धाकटा दीर.

नवरा विमा कचेरीत टंकलेखक होता. निवृत्त झाल्यावर त्याला एकच काम उरलं, विचारणं. छत्री घेऊ का? खिडकी लावू का? दूध आत्ता तापवू की मग? रागावणं त्याला जमत नसे, भांडणं तर त्याहून नसे. तो आपला विचारायचा आणि ती उत्तर फेकायची. "अहो, पाऊस छत्रीला विचारून येतो का?" किंवा "दुधाला घड्याळ दिसतं का?" त्यावर तो मान डोलवायचा, जणू काही त्याला खरोखरच उत्तर मिळालं. बत्तीस वर्षं त्यांचा संसार असा चालला होता, आणि तो छान चाललाय असं तिचं मत होतं.

दीर फरशांचा व्यापारी. चार न्हाणीघरं चकचकीत करून त्याच्या अंगात इतकं तेज आलं की तो शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. उथळ पाण्याला खळखळाट फार. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर नळाला पाण्याची धार बारीक येते, अशी तक्रार आली, तेव्हा अध्यक्षांनी गच्चीवर जुनी टाकी काढून दुप्पट मोठी टाकी बसवली. बुटकी आणि ऐसपैस. पाणी जास्त, मग जोर जास्त, साधी गोष्ट! नळ होते तसेच रडत राहिले, उलट थोडे जास्तच. टाचणीबाईंनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, "पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, टाकीच्या पोटावर नाही. पोटावर ठरत असता तर अध्यक्षांइतका दबाव कुणाचाच नसता." हे वाक्य संध्याकाळच्या आत दिराच्या कानावर गेलं.

पुढच्या रविवारी तो जेवायला आला. हात पुसता पुसता म्हणाला, "वहिनी, ती तुमची प्रयोगशाळा आहे ना, ती आपण पाहुण्यांची बैठक करतोय. दोन सोफे टाकू. प्रयोग काय, हल्ली पडद्यावर दिसतात."

तिचा घास हातातच राहिला. ती खोली म्हणजे तिची पंचवीस वर्षं होती. स्प्रिंगा, काटे, काचेच्या नळ्या, कपाटांच्या काचांवर तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. त्या खोलीत ती कुणाची बायको नव्हती, कुणाची वहिनी नव्हती. तिथे ती म्हणेल तसंच पाणी वागायचं.

"भाऊजी, पडद्यावरच्या पाण्याने कुणी भिजत नाही," ती म्हणाली. "एक पेलाभर पाणी. एवढंच. एवढ्या पाण्याने मी भरलेलं पिंप फोडून दाखवते."

"पेलाभर?" दीर इतका हसला की त्याला ठसका लागला. "अहो वहिनी, पेलाभर पाण्याने माझा ठसका जात नाही."

"पिंप काठोकाठ भरायचं, बूच घट्ट बसवायचं, बुचातून बारीक नळी तिसऱ्या मजल्यापर्यंत न्यायची. वरून पेला ओतायचा. नळीतलं पाणी मूठभर, पण उंची तीन मजले. पिंप फुटणार."

"फोडा," दीर म्हणाला. "येत्या शनिवारी, चौकात, सगळ्या शाळेसमोर. फुटलं तर खोली तुमची. नाही फुटलं तर सोफे माझे." मग भावाकडे वळून म्हणाला, "काय दादा, कसं?"

नवऱ्याने विचारलं, "ताक वाढू का तुला अजून?"

त्या आठवड्यात तिने नळीचे सांधे जोडले, बूच कापलं, ते दाबून धरायला लोखंडी पट्टी करवून आणली. पिंप आणायचं काम नवऱ्याला दिलं, कारण त्याला तेवढंच जमेल असं तिला वाटलं. "लाकडी आणा, जुनं असलं तरी चालेल," असं तिने एकदा सांगितलं होतं. तो दोन दिवस भंगारवाल्यांकडे आणि गोदामांत फिरला. तिसऱ्या दिवशी ती उत्तरपत्रिका तपासत होती, तेव्हा दारात येऊन उभा राहिला.

"लाकडी कुठे मिळेना. एक जण सांगतोय, पुढच्या आठवड्यात देतो. प्लॅस्टिकचं चालेल का?"

तिने मान वर केली नाही. एका दिवट्याने वजन आणि वस्तुमान एकच म्हणून लिहिलं होतं, आणि ती त्याला लाल शाईने उभा चिरत होती. "पिंप ते पिंप," ती म्हणाली. "पाण्याला काय कळतंय?"

"नाही, म्हणजे, ते हाताला जरा दबतं—"

"अहो, तुम्ही नुसतं आणा हो."

त्याने निळं पिंप आणलं.

शनिवारी सगळी शाळा चौकात जमली. मुलं वर्गावर्गाने उभी होती, मंडळाचे लोक खुर्च्यांवर, आणि अध्यक्ष मधल्या खुर्चीवर एका हातात छत्री घेऊन, म्हणजे आपण या थोतांडाला घाबरतो असं वाटू नये पण भिजूही नये. पिंप भरून ठेवलं होतं. नवरा त्याच्याजवळ उभा राहून पट्टीचा स्क्रू आवळत होता. टाचणीबाई तिसऱ्या मजल्यावर कठड्याशी, हातात नरसाळं आणि पेला. तिने छोटं भाषण केलं आणि त्यात अध्यक्षांच्या टाकीचा उल्लेख करायला ती विसरली नाही.

मग तिने पेला ओतला. नळी भरली, पाणी नरसाळ्याच्या तोंडाशी आलं. पहिल्या रांगेतल्या पोरांनी कानांत बोटं घातली.

आणि पाणी खाली उतरू लागलं. फुटून नव्हे, हळूहळू, कुणी खालून पीत असावं तसं. तिने दुसरा पेला ओतला. तोही उतरला. तिसरा, चौथा. शिपाई बादली घेऊन आला. अर्धी बादली गेली. खालून कुणीतरी ओरडलं, "बाई, पिंपाला दिवस गेले!" आणि चौक हसण्याने भरून गेला.

तिने वाकून पाहिलं. निळं पिंप फुगलं होतं. बाजू गोल झाल्या होत्या, बूड खालून फुगून पिंप डुगडुगत होतं, आणि तिचा नवरा त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून सावरत उभा होता. तिला तिथेच सगळं कळलं. दाब होता, पुरेपूर होता. पण प्लॅस्टिक ताणलं जात होतं, आणि जितकं ताणलं जात होतं तितकं पाणी पोटात घेत होतं. लाकूड असं करत नाही. लाकूड ताठ राहतं आणि फुटतं. हे ती दर वर्षी शिकवायची: दाबाचा धडा जूनमध्ये, ताणाचा जानेवारीत. दोन्ही एका पिंपात भेटतील हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कुणाच्या तरी आलं होतं, "हाताला जरा दबतं" म्हणून.

जिना उतरताना तिचे कान जळत होते. खाली अध्यक्ष उभेच होते. "वहिनी, पेल्याची बादली झाली आणि पिंप अजून भुकेलंच!"

"पिंप चुकीचं आहे," ती म्हणाली. "लाकडी हवं होतं. हे ताणलं जातं."

"नाचता येईना अंगण वाकडं." मंडळाचे लोक हसले. मग दिराने पिंपावर टिचकी मारली. "पण खरंच, लाकडी हवं होतं तर हे प्लॅस्टिकचं आणलं कुणी?"

"मी," नवरा म्हणाला. तो अजून पिंपाला धरूनच होता, सदरा पोटापर्यंत ओला. "चूक माझी. तिने लाकडीच सांगितलं होतं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तो पूर्ण खोटं बोलत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्यात तक्रार नव्हती. छत्री घेऊ का, खिडकी लावू का, असं विचारून तो जसा थांबायचा तसाच थांबला होता. तिने एवढंच म्हणायचं होतं, "ह्यांनी विचारलं होतं, मी ऐकलं नाही." पण ते म्हटलं तर चूक तिची, खोली गेली, सोफे आले. कपाटांच्या काचा तिच्या डोळ्यांपुढे आल्या. आणि तिला लाज वाटली, फार वाटली, पण लाजेपेक्षा जीभ लवकर हलली.

"ह्यांना काय कळतंय," ती म्हणाली.

सगळे हसले. दीर सर्वांत मोठ्याने हसला, कारण दादा म्हणजे त्याच्या घरातला लहानपणापासूनचा विनोद. "दादाचं हे असंच! बरं वहिनी, दादामुळे घोटाळा झाला म्हणून एक संधी आणखी. पुढच्या शनिवारी. पण लाकडी म्हणजे लाकडीच." नवराही थोडा हसला. मग पिंप आडवं करून पाणी सोडू लागला.

लाकडी पिंप त्यानेच आणलं, दुसऱ्याच दिवशी, लांबच्या गोदामातून, हातगाडीवर घालून. जुन्या फळ्या सुकून फटी पडल्या होत्या, म्हणून त्याने ते दोन दिवस न्हाणीघरात पाण्यात भिजत ठेवलं. गोदामवाल्याने सांगितलं असावं. फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. यातलं काहीच त्याने तिला विचारलं नाही. भिजवू का, कुठे ठेवू, नेऊ का, काहीच नाही. टाचणीबाईंच्या ध्यानात एवढंच आलं की घरात शांतता आहे. रुसलाय, असं तिने मनाशी म्हटलं. रुसू दे. खोली वाचली की ती शिरा वगैरे काहीतरी करणार होती आणि मग सगळं सुरळीत होणार होतं.

शनिवारी सकाळी त्याने शिपायाच्या मदतीने पिंप चौकात नेऊन ठेवलं, बूच बसवलं, पट्टी आवळली आणि तो घरी निघून गेला. ती तेव्हा वर नरसाळं बांधत होती. तिला तो जाताना दिसलाही.

पेला ओतला. नळी काठापर्यंत भरली. क्षणभर काही नाही, मग खाली लाकूड कण्हल्यासारखं वाजलं आणि पिंप फाटलं. दोन फळ्या बाजूला उडाल्या, चौकभर पाणी झालं, पहिल्या रांगेतली पोरं किंचाळत नाचू लागली. अध्यक्षांनी छत्री उघडली, पण पाणी खालून आलं होतं. गुडघ्यापर्यंत भिजलेल्या अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाले, "मी वहिनींना पहिल्यापासून सांगत होतो, खरा प्रश्न उंचीचा आहे." मंडळाने टाळ्या वाजवल्या. पालथ्या घड्यावर पाणी, आणि तेही इतकं! पण खोली राहिली. सोफे गेले मुख्याध्यापकांच्या खोलीत, आणि टाचणीबाई पंचवीस वर्षांत पहिल्यांदा शिपायाकडे पाहून हसली.

घराचा जिना धावत चढून ती आत शिरली. "फुटलं!" ती दारातूनच म्हणाली. "अहो, फुटलं! भाऊजींची विजार गुडघ्यापर्यंत ओली!"

"हो का," तो म्हणाला. तो गॅलरीत पेपर वाचत बसला होता. चांगलं झालं, असंही म्हणाला, आणि पान उलटलं.

ती थांबली. एरवी आत्तापर्यंत त्याचे चार प्रश्न झाले असते. मग? आवाज मोठा झाला का? तो काय म्हणाला? चहा टाकू का? त्या प्रश्नांना फेकायची उत्तरं तिने जिन्यातच तयार केली होती, सवयीने. ती तशीच तिच्या तोंडात राहिली.

गॅलरीच्या कोपऱ्यात निळं पिंप होतं, रिकामं. पाणी काढून आठवडा झाला होता, तरी ते अजून फुगलेलंच. बूड गोल, धड उभं राहत नव्हतं, म्हणून त्याने खाली विटेचा तुकडा लावला होता. तिने हात लावून दाबून पाहिलं. दबलं नाही, परत आलं नाही, काहीच झालं नाही. ताणाचा धडा ती जानेवारीत शिकवायची. ताण काढला की वस्तू मूळ आकारात येते, एका मर्यादेपर्यंत. मर्यादेच्या पुढे येत नाही, मग तुम्ही ताण काढा नाहीतर पाया पडा. मुलांना तिने हे शेकडो वेळा फळ्यावर काढून दाखवलं होतं, आणि मर्यादा नेमकी कुठे असते असं एखाद्या मुलाने विचारलं की म्हणायची, "ओलांडल्यावर कळते, गाढवा."

तिला काहीतरी बोलायचं होतं. चुकले म्हणायचं होतं. पण तो शब्द तिने कधी वापरलाच नव्हता, आणि आयत्या वेळी तो कुठे ठेवलाय ते सापडेना. म्हणून तिने त्याच्यासारखं केलं. विचारलं. संसारात बहुधा पहिल्यांदाच.

"अहो, ह्याच्यात आता पाणी भरून ठेवायचं का? की आपण दोघं जाऊन नवीन आणायचं?"

त्याने पेपर खाली केला नाही. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती जसं म्हणायची तसंच, मान वर न करता, तो म्हणाला,

"पिंप ते पिंप. पाण्याला काय कळतंय?"