दोन सांबार

शालिकराम गेले त्याला पाच महिने झाले होते, आणि या पाच महिन्यांत त्यांचा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. मनात आणलं तर केव्हाही ऐकता येईल, असं प्रतीक्षाला वाटत होतं. म्हणूनच तिने तो ऐकला नव्हता. जवळ असलेली गोष्ट पुढे ढकलता येते.

तिवस्याजवळच्या तीन एकरांत शालिकरामांनी जन्मभर भाजीपाला पिकवला आणि बी राखलं. गावरान वांगं, काटेरी दोडका, वालाच्या तीन जाती, आंबाडी, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. बी मागायला धामणगावपासून माणसं यायची. प्रतीक्षा अकोल्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. दर रविवारी घरी आली की ती वडिलांच्या मोबाइलवर त्यांना एकेका भाजीबद्दल बोलायला लावायची. मिनिट-दोन मिनिटांचं एक, अशी एकेचाळीस बोलणी झाली. त्यांची एक वेबसाइट करायची, फोटो, माहिती आणि बाबांचा आवाज, असं ठरलं होतं. साइट तयार होण्याआधी बाबाच गेले.

मोबाइल शेखरने, तिच्या भावाने, सगळं पुसून गड्याला देऊन टाकला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रतीक्षाच्या पेनड्राइव्हवर नंतर ग्रंथालयाची कामं चढत गेली. तरी एकेचाळीसच्या एकेचाळीस संघपालभाऊंना आधीच दिलेली होती, तेव्हा काळजी नव्हती.

संघपालभाऊ अमरावतीत राजापेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत वेबसाइटी तयार करायचे. चाळिशीचा शांत माणूस. शनिवारी दुपारी प्रतीक्षा अकोल्याहून आली, आई, माणिकबाई, तिवस्याहून एसटीने आली, आणि दोघी जिना चढून त्यांच्यासमोर बसल्या. साइट आदल्याच दिवशी सर्व्हरवर चढली होती. माणिकबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्यांना यायचं नव्हतं, पण नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

संघपालभाऊंनी पत्ता टाकला. पान उघडलं.

पांढऱ्या पानावर काळी अक्षरं. रंग नाही, मांडणी नाही. फोटोंच्या जागी लहान लहान फाटके चौकोन. आवाजाची बटणं होती, पण दाबली तरी गप्प.

"हे का होय वं?" माणिकबाई म्हणाल्या. "हे तं मयतीचं पत्र दिसून राह्यलं."

"थांबा काकू, थांबा." संघपालभाऊ पुढे सरकले. "मागच्या आठवड्यात माह्या लॅपटॉपवर ताईनं पाह्यलं ना, झकास होतं."

"होतं," प्रतीक्षा म्हणाली. "हिरवं होतं सगळं."

"अक्षरं आली म्हणजे साइट जिती आहे. रंग, फोटो, आवाज, हे जे न बदलणारं सामान असते, ते फक्त सापडून नाही राह्यलं तिले." फोन वाजला. "जयभीम, अर्ध्या तासानं बोलतो," म्हणून त्यांनी तो उलटा ठेवला. मग माणिकबाईंकडे वळून म्हणाले, "काकू, घरी तुमी सैपाक करता, तर मीठ कुठं असते?"

"फळीवर."

"अन् तिखट?"

"खिडकीत. आता इथं सैपाकाचं काय?"

"घरी तुमाले सगळं माहीत असते, जिथल्या तिथं हात जातो. माह्या लॅपटॉपवर तसंच असते, साइट स्वतःच शोधून आणते. पण मंगल कार्यालयात सैपाक असला तर आचारी तुमच्या खिडकीत नाही पाहात. सगळं आधी कोठीत नेऊन ठेवा लागते. सर्व्हर म्हणजे कार्यालय. कोठी मी बांधली, दाराची जागाही सांगितली. पण आतमधी सामान भरायचंच राह्यलं वाटते."

"मंग भरा ना," माणिकबाई म्हणाल्या. "बोलून काहून राह्यले?"

त्यांनी काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. सगळ्या फाइली एका ठिकाणी गोळा करण्याची ती आज्ञा होती. अक्षरांची माळ सरसर वर गेली आणि शेवटी 'दोनशे बारा फाइली गोळा झाल्या' अशा अर्थाचं एक वाक्य थांबलं. पान पुन्हा उघडलं तेव्हा ते हिरवं होतं. वांगी जांभळी होती. सर्वात वर, बी निवडताना खाली पाहणारे शालिकराम होते.



"आवाज पाहू," संघपालभाऊ हळूच म्हणाले, आणि वांग्यासमोरचं बटण दाबलं.

"हे आपलं गावरान वांगं. देठाले काटे राह्यतेत, हाताले रुततेत, पण भरीत करा तर याचंच..."

प्रतीक्षाने हात पुढे करून ते थांबवलं. आवाज होता. तिला तेवढंच हवं होतं, बाकीचं अकोल्याला, खोलीचं दार लावून. आईकडे तिने पाहिलं नाही.

"सांबार लाव," माणिकबाई म्हणाल्या.

"आई, घरी गेल्यावर..."

"सांबार लाव म्हणलं ना. त्या दिवशी मी होती तिथं."

संघपालभाऊंनी पान खाली सरकवलं. मथळा होता: सांबार. त्याखाली प्रतीक्षानेच लिहिलेला मजकूर: कोवळा असताना मुळासकट उपटावा, स्वच्छ धुऊन बारीक चिरावा, कोणत्याही भाजीवर शोभतो. आणि शेजारी, झाडीतून मान वर करून, भली थोरली शिंगं मिरवत एक सांबर उभं होतं.

संघपालभाऊंचं बोट तोवर बटणावर पडलेलं होतं. "ढँऽऽक!" असा आवाज खोलीभर घुमला. माणिकबाईंच्या मांडीवरची पिशवी खाली पडली.

"माय वं! हे का ओरडलं?"

संघपालभाऊ कपाळाला हात लावून बसले. "चिखलदऱ्याच्या एका लॉजवाल्याची साइट मीच केली, काकू. जंगलातले प्राणी, त्यायचे फोटो, त्यायचे आवाज. हे सांबर वाघ पाहून ओरडते तसं ओरडलं."

"मुळासकट उपटावा म्हणून लिहिलं आहे शेजारी," प्रतीक्षा म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आवरेना. पुण्या-मुंबईचा कुणी असता तर त्याने कोथिंबीर लिहिलं असतं आणि यातलं काहीच झालं नसतं. ती पान सरकवत वालाच्या शेंगांपाशी आली. त्यांना घरी पोपट म्हणत, साइटवरही पोपटच लिहिलं होतं. 'शेंगा सोलून दाणे वाफवावेत' या ओळीशेजारी लाल चोचीचा रावा फांदीवर बसून त्यांच्याकडे पाहत होता.

माणिकबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसल्या. पाच महिन्यांत प्रतीक्षाने हे पाहिलं नव्हतं. "त्यायले दाखवाले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या, आणि मग हसणं आपोआप थांबलं.

"पण मग बाबांचं कुठे आहे?" प्रतीक्षाने विचारलं.

संघपालभाऊ गोळा झालेल्या फाइलींत शोधत होते. आवाजांच्या फोल्डरमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं सांबार एकच होतं. पोपटही एकच. ते उघडून पाहिलं. ढँक.

"लॅपटॉपवर असेल ना?"

"ताई, परवा दोन्ही साइटी एका प्रकल्पात आणल्या. सर्व्हर एकच म्हणून. लॅपटॉपवरून कॉपी नाही केलं, उचलूनच नेलं सगळं." त्यांनी चष्मा काढला. "मधी दोन-तीनदा त्यानं विचारलं होतं, याच नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का. मी घाईत हो म्हणत गेलो. कोणत्या फाइलीले म्हणलं, ते आता आठवून नाही राह्यलं."

प्रतीक्षा उठून खिडकीशी गेली. एकेचाळीसपैकी एकोणचाळीस आहेत, ती स्वतःला सांगत होती. पुस्तकाची दोन पानं गेली तरी पुस्तक राहतं, हे ती मुलांना नेहमी सांगायची. आता तिला ते खोटं वाटलं. जी दोन नव्हती त्यांतलंच एक आईने मागितलं होतं.

"पेनड्राइव्ह?" संघपालभाऊंनी विचारलं.

"पुसला."

"मोबाइल?"

तिने नुसती मान हलवली. शेखरचं नाव तिला घ्यायचं नव्हतं. तिला संघपालभाऊंवर रागवायचं होतं, पण ते तिच्याहून जास्त घाबरलेले दिसत होते, त्यामुळे रागवायलाही जागा राहिली नव्हती.

माणिकबाई इतका वेळ पडद्याकडे पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमच्या त्या कोठीत दोन्ही घरचं सामान एकसंगच नेलं का?"

"हो काकू."

"अन् दोघायचा सैपाकाचा गंज सारखाच होता?"

"नाव सारखं होतं दोघायचं. एस ए एम बी ए आर."

"मंग कोठीवाल्यानं एक आत घेतला असेन, अन् दुसरा दाराबाहीर ठेवून देल्ला असेन. आमच्या शेखरच्या लग्नात असंच झालं होतं. चांगला दहा किलोचा गंज, म्हणलं चोरीले गेला. तो बापडा बाहीर व्हरांड्यातच होता. म्हणून तं भांड्यावर नाव घालतेत. तुमी नाव नाही घातलं का?"

संघपालभाऊंनी चष्मा परत लावला. काळा पडदा उघडून ते वर, वर, अजून वर गेले. फाइली गोळा करताना सरसर वर गेलेल्या त्या ओळी आता ते एकेक करून वाचू लागले. एका पिवळ्या ओळीपाशी बोट थांबलं.

"ताई, इकडं या. वाचा."

इंग्रजीत लिहिलं होतं: याच नावाची दुसरी फाइल सापडली. पहिली घेतली आहे, दुसरी सोडून दिली आहे. खाली तशाच आणखी तीन ओळी होत्या. चारांत दोन सांबारच्या, दोन पोपटच्या, एकेक फोटोची आणि एकेक आवाजाची.

"सोडून दिली," संघपालभाऊ म्हणाले. "पुसली नाही. त्यानं सांगितलं होतं, मीच वाचलं नाही. चिखलदऱ्याचं नाव यादीत पह्यले होतं, तर त्याचं आत घेतलं."

"पण तुम्ही हो म्हणत गेलात ते?"

ते भाजीच्या साइटच्या मूळ फोल्डरमध्ये शिरले. आत आवाज, आवाजाच्या आत यादी. आंबाडी, भेद्रे, चवळी, दोडका. प्रतीक्षाही खुर्चीमागून एकेक नाव वाचत होती. पोपट. मग सांबार. एक मिनिट बावन्न सेकंद.

"व्हरांड्यात सापडला, काकू," संघपालभाऊ म्हणाले. "मी हो म्हणलं ते दुसऱ्याच कशाले तरी म्हणलं असेन."

सगळ्यात आधी त्यांनी ते फोल्डर प्रतीक्षाच्या पेनड्राइव्हवर आणि मोबाइलवर उतरवून दिलं. मग प्रत्येक साइटच्या सामानाला तिच्या नावाचं वेगळं फोल्डर केलं, पानांमधले पत्ते त्याप्रमाणे बदलले आणि गोळा करण्याची आज्ञा पुन्हा दिली. या वेळी ते प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होते. पिवळी एकही निघाली नाही. तरी पान उघडल्यावर सांबर तसंच मान वर करून उभं.

"अजून गेलं नाही हे?" माणिकबाई म्हणाल्या.

"हे ब्राउझरच्या डोक्यातलं जुनं आहे, काकू. हाकलतो." त्यांनी तीन कळा एकदम दाबल्या. शिंगं गेली, आणि पाण्याचे थेंब असलेली कोथिंबिरीची जुडी आली. ती धरणाऱ्या हाताची फक्त बोटं दिसत होती.

संघपालभाऊ उठले. "मी चहा सांगून येतो," म्हणाले, आणि फोन असूनही जिना उतरून गेले.

प्रतीक्षाने बटण दाबलं.

"सांबार. धने तसेच नाही पेराचे. चपलेखाली रगडून दोन फाका कराच्या. मंग रातभर पाण्यात. सकाळी पेराचे, दोन बोटं खोल. आपली काळी माती वरून लवकर सुकते, म्हणून दोन बोटं..." इथे लांबून बाईमाणसाचं काहीतरी अस्पष्ट बोलणं आलं. "काय म्हणून राह्यली वं? आं? काम चालू आहे इथं... तर दोन बोटं. पह्यलं पाणी अलगद..."

तो आवाज एक मिनिट बावन्न सेकंद पूर्ण बोलला. प्रतीक्षाने या वेळी थांबवलं नाही. शेवटी भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि तिचाच, दोन वर्षांपूर्वीचा, घाईतला आवाज: झालं बाबा, मस्त झालं.

"काय म्हणत होतीस गं तू मधे?" तिने विचारलं.

"म्हणलं, एक बोट." माणिकबाईंनी डोळे पुसले आणि पदर नीट केला. "दोन बोटं खोल टाकलं तर उगवते का सांबार? जन्मभर तेच सांगितलं. त्या दिवशीही सांगितलं. ऐकलं का?"

"मी पानावर दोन लिहिलंय. बदलू का?"

माणिकबाई पडद्यावरच्या त्या बोटांकडे पाहत राहिल्या.

"नोको. त्यायनं सांगितलं तेच राहू दे," त्या म्हणाल्या. जिन्यावर पावलं वाजली, चहाचे कप किणकिणले. तेव्हा त्या घाईने पुढे झुकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाल्या, "खाली बारीक अक्षरात एक लिही."