गप्प केलेली घंटी

मी घंटी बोलतेय. दारावरची नाही, आजोबांच्या गळ्यातली. आज मला कोणी गप्प करायचं नाही.

कारखान्यात मला एकच काम शिकवलं. म्हाताऱ्या माणसाने माझं लाल बटण दाबलं, की बाहेरच्या खोलीतल्या डबीतून ओरडायचं. आजोबांनी जन्मभर शिवणकाम केलं, आता पाय लटपटतात. मुलाने मला गळ्यात घातलं तेव्हा ते हसले. "चुकार गाईला बांधतात तशी बांधलीस की रे."

पहिल्या आठवड्यात ते मला सारखी वाजवायचे. कधी पाणी, कधी चष्मा. सून म्हणायची, "अहो, बाळ आत्ता कुठे निजलंय." शेवटी मुलगा वैतागला. "बाबा, जीव जात असेल तेव्हाच दाबायचं. कळलं?"

"कळलं." तेव्हापासून चष्म्यासाठी ते भिंत धरून स्वतः जायचे.

एका मंगळवारी ते बाथरूममध्ये घसरून पडले. पाय हलेना. हात माझ्यापर्यंत आला, पण दाबेनात. पुटपुटले, "जीव कुठे जातोय अजून?" मी त्यांच्या छातीवर तळमळत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी एकदाच दाबलं. मी जीव खाऊन ओरडले, आणि मुलाने डबीवरचा खटका दाबून माझं तोंड बंद केलं. "चष्मा हवा असेल," म्हणाला. दीड तासाने सून कपडे भिजवायला गेली, तेव्हा तिला ते दिसले.

मांडीचं हाड मोडलं होतं. मुलगा दवाखान्यात, नातेवाइकांत सांगत सुटला, "मशीनच फालतू निघालं. वाजलंच नाही." करून सवरून नामानिराळा!

मी त्याच्यावर दात धरून होते. मी काही विसरत नाही, माझी घडणच तशी आहे. आजोबा घरी आल्यावर दुरुस्तीवाला आला. त्याने मला फोनला जोडलं आणि सगळ्यांसमोर वाचलं, "अकरा दहाला वाजलीय. चौथ्या सेकंदाला घरातूनच बंद केलीय."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याची धाकटी बहीण म्हणाली, "आता बोल की, दादा." माझ्या जिवाला कसं गार वाटलं.

तेवढ्यात पलंगावरून आजोबा म्हणाले, "मीच उगाच वाजवायचो सारखी. त्याचं काय चुकलं?"

त्यांनी माफ केलं. मी नाही केलं. आता मुलगा रोज माझी बॅटरी बघतो. बघू दे. परवा जिना चढताना त्याचा गुडघा करकरला, तो मी ऐकलाय. आजोबांनंतर मला त्याचाच गळा मिळणार. तो पडेल, मला दाबेल, आणि मी इमानाने ओरडेन. डबीजवळ तेव्हा त्याचं बाळ बसलेलं असेल, चांगलं मोठं झालेलं. या घरात ते जे बघत वाढतंय, तेच करेल.